भाऊसाहेबांचा गोपनीय खोकला

...आणि बातमी यायची ती कधी यावी, तर माझी अर्धी दाढी झालेली असताना. तुम्हाला सांगतो, बुधवार होता, अगदी साधा बुधवार, दूध उतू गेलं होतं, बनियन उलटा घातला गेला होता, म्हणजे विशेष असं काहीच नव्हतं, आणि फोन वाजला. मुलगी. ती सकाळी कधी फोन करत नाही. एका गालाला फेस तसाच ठेवून मी म्हटलं, "काय गं, सगळं ठीक ना?" तर म्हणते, "बाबा, तुम्ही हवामान खात्यात आहात ना?"

"आहे की."

"मग तुमच्या ऑफिसचा फोटो पेपरात पहिल्या पानावर कसा?"

आता आमच्या ऑफिसला पाटीसुद्धा नाही हो! आणि त्याचा फोटो? खाली ही एवढाली अक्षरं... परिषदेला आलेल्या मित्रदेशांच्या पाहुण्यांच्या खोल्यांना सरकार कान लावून बसतं. मुलीनं मला वाचून दाखवलं, सावकाश, लहानपणी मी तिला धडे वाचून दाखवायचो तसं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही लोकांचं बोलणं चोरून ऐकता?"

मी म्हटलं, "लोकांचं नाही गं. मित्रांचं."

वाक्य तोंडातून गेलं आणि कळलं की हे काही बरं ऐकू आलं नाही. पण खरं तेच आहे. शत्रूचं काय ऐकायचं? तो शिव्या देणार, आणि त्या तो भर चौकात देतो, त्याला वायर कशाला हवी? मित्राचं तसं नाही. मित्र समोर गळ्यात गळे घालतो आणि मग खोलीत जाऊन दार लावून घेतो. आता तुम्हीच सांगा, तुमच्याकडे पाहुणे जेवून जातात, "वा, काय बेत होता" म्हणतात, आणि कोपऱ्यावर वळल्यावर एकमेकांना काय म्हणतात ते ऐकावंसं वाटत नाही तुम्हाला? वाटतं. फक्त तुमच्याकडे खातं नाही, सरकारकडे आहे. मित्राचं ऐकावं लागतं.

मुलगी मात्र भलत्याच गोष्टीवर चिडली होती. "म्हणजे माझ्या लग्नात तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत, पाऊस येणार नाही, जेवणं गच्चीवर ठेवा, ते कशावरून?"

"आकाश बघून."

"बाबा, माझे सासरे ताट डोक्यावर धरून जिना उतरले होते."

सगळी आळी मला विचारून छत्री घेते. माझा अंदाज नेहमी चुकतो आणि त्यामुळेच कुणाला कधी संशय आला नाही, उलट खात्रीच पटली की हा माणूस हवामान खात्यातलाच. मग ती म्हणाली, "आईला ठाऊक होतं?"

"नाही."

फेस वाळत चालला होता. हिला मी कधीच सांगितलं नाही, सांगायचं नसतं, तशी शपथच असते. शेवटी शेवटी ही पलंगावरून विचारायची, "उद्या ऊन आहे का हो?" मी म्हणायचो, "आहे." आणि तुम्हाला सांगतो, बहुतेक वेळा असायचं.

असो. सांगत काय होतो? हं, बातमी. तर मला बातमीचं वाईट वाटलंच नाही. एक दिवस उशिरा आली असती तर मी स्वतः पेढे... बरं, पेढे नाही, निदान दाढी तरी पुरी केली असती. पण ती नेमकी त्या सकाळी आली, आणि त्याच दुपारी भाऊसाहेबांची छाती तपासायची होती.

भाऊसाहेब म्हणजे कोण ते सांगायला हवं. आमच्यात पाहुण्यांची खरी नावं घ्यायची नाहीत असा दंडक आहे, म्हणून टोपणनावं. भाऊसाहेब म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात सख्ख्या मित्रदेशाचे व्यापारमंत्री. धान्यावरची जकात ते कमी करणार की नाही, एवढंच सरकारला हवं होतं. खात्यानं मला त्यांची भाषा शिकवली आणि बसवलं कुठे? त्याच हॉटेलात, धोबीखान्यामागच्या खोलीत. कानात परराष्ट्र धोरण आणि नाकात साबण. भिंतीपलीकडे इस्त्रीची वाफ, दारात चादरींचे ढीग, आणि मी हेडफोन लावून ऐकतोय, देशाचं भवितव्य.

आणि काय ऐकतोय? चपला! माणूस खोलीत आला की चपला शोधतो. "इथेच तर होत्या... कुठे गेल्या..." मला ठाऊक असायचं हो, पलंगाखाली गेल्यात, सकाळी सरकवल्याचा आवाज मी ऐकला होता, पण सांगणार कसा? मग ते गुणगुणतात, बेसूर. आमच्या मंत्र्यांची नक्कल करतात, "आपली ही जी मैत्री आहे, ती मैत्री, जी आहे..." आणि हुबेहूब करतात, मला एकदा हसू आवरेना, बाहेरचा धोबी आत डोकावला. जकातीबद्दल एक अक्षर नाही. मी अहवालात लिहायचो, विशेष काही नाही. मोठे साहेब म्हणायचे, "चिकाटी ठेवा. मित्राचं ऐकावं लागतं."

आणि मग खोकला.

पहिल्याच संध्याकाळी ऐकला. कोरडा, खालून येणारा, मध्येच अडकणारा, आणि संपल्यावर एक बारीकशी शीळ. मी हेडफोन काढून ठेवला. पुन्हा लावला. मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही, पण हा खोकला मी ओळखतो. आमच्या घरात तो वर्षभर राहून गेला. जाताना एकटा गेला नाही.

पुढचं ऐका. खोकला थांबला की भाऊसाहेब घरी फोन लावणार. फोनलाही आमची वायर होतीच, त्यामुळे तिकडून बाईंचा आवाज, "खोकला कसा आहे?" आणि हा गृहस्थ गडगडाटी हसून म्हणणार, "खोकला? कसला खोकला? तो गेला की केव्हाच." फोन ठेवणार, आणि मग जे सुरू होणार... उशीत तोंड घालून खोकायचे हो. बायकोला माहीत नाही, सेक्रेटरीला माहीत नाही, त्यांच्या देशाला माहीत नाही. अख्ख्या जगात माहीत कुणाला? धोबीखान्यामागे बसलेल्या मला.

गेलो मोठ्या साहेबांकडे. म्हटलं, "साहेब, भाऊसाहेबांना डॉक्टरकडे न्यायला हवं."

साहेबांनी चष्मा वर केला. "त्यांना खोकला आहे हे आपल्याला कसं कळलं?"

"मी ऐकला."

"तुम्ही कुठे होता?"

"धोबीखान्यामागे."

"म्हणजे तुम्ही नव्हताच. मग ऐकला कुणी?"

आता नियम समजून घ्या. आम्ही जे ऐकतो त्यावर सरळ काही करायचं नाही. करायचंच झालं तर ती गोष्ट आपल्याला दुसऱ्या वाटेनं कळली असं आधी दाखवावं लागतं. साहेब म्हणाले, "चारचौघांत एकदा खोकू द्या त्यांना. एकदाच. मग मी विमानानं डॉक्टर आणतो."

पण भाऊसाहेब चारचौघांत खोकतच नाहीत! जुन्या वळणाचा माणूस, सभेत दाबून धरतो. थोडक्यात, तो खोकला सरकारदरबारी अस्तित्वातच नव्हता. मग साहेबांनी शक्कल काढली. पाहुण्यांना जुनं ग्रंथालय दाखवायचं. तिथली धूळ म्हणजे तुम्हाला सांगतो, ग्रंथांपेक्षा प्राचीन. वर मुद्दाम सगळी कपाटं उघडायला लावली. झालं काय? आमचे मंत्री खोकले, ग्रंथपाल खोकला, फोटोग्राफर खोकला, स्वतः साहेब खांबाला धरून खोकले, आणि भाऊसाहेब? लालबुंद झाले, डोळ्यांत पाणी, पण तोंडातून हूं की चूं नाही. वर ग्रंथपालाची पाठ थोपटून म्हणतात, "प्रकृतीला जपा हो." आणि खोलीत गेल्यावर... मी त्या संध्याकाळी अहवालात काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच सुचवलं, एकट्याला नको, सगळ्यांचीच तपासणी ठेवू. यजमानांतर्फे, मैत्रीची भेट. साहेबांना पटलं. बुधवारी दुपारी, समारोपाच्या आधी, हॉटेलातच. संशय नको म्हणून आमच्या मंत्र्यांना सगळ्यांच्या आधी तपासायचं ठरलं, त्यांना साखर निघायची ती निघो. भाऊसाहेबांच्या खोलीत निमंत्रण पोचलं. मी ऐकत होतो. त्यांनी पाकीट फोडलं, वाचलं, आणि मग सेक्रेटरीला म्हणाले, "छातीपण बघणार आहेत म्हणे. बघू दे. फुकट आहे." आवाजात काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. माणूस घाबरलेला होता हो, त्याला कुणीतरी धरून न्यायला हवं होतं, आणि आम्ही नेत होतो.

आणि बुधवारी सकाळी पेपर.

मी अर्ध्या दाढीनं हॉटेलात धावलो. व्हरांड्यात बॅगांचे ढीग, सगळे मित्र निघालेले, कुणी कुणाकडे बघत नाही. धोबीखान्यामागे गेलो, हेडफोन लावला. सेक्रेटरी ओरडत होता, "तपासणी म्हणे! त्या मिषानं आता छातीत यंत्र बसवतील!" आणि मग निमंत्रणाचा कागद फाटल्याचा आवाज. टर्रकन. पुढे खुर्च्या सरकवल्या, दिवे काढले, आणि शेवटी फुलदाणी उचलली. आमचा माईक त्या फुलदाणीत.

भाऊसाहेब तोंड जवळ आणून बोलले. इतक्या जवळून मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "कोण आहे तिकडे? ऐकतोयस ना? मित्र म्हणवता, लाज नाही वाटत?"

मी उभा राहिलो. म्हटलं, "भाऊसाहेब, डॉक्टरांना दाखवा. आजच दाखवा." मोठ्यांदा म्हटलं, त्यांच्याच भाषेत. बाहेरचा धोबी पुन्हा डोकावला. पण वायर ऐकायची होती, बोलायची नव्हती.

तिकडे ते खोकले. मग फुलदाणी फुटली.

पुढे रीतसर माफी मागायचं ठरलं. सरकारकडून सरकारला. मसुदा साहेबांच्या टेबलावर होता, मी म्हटलं, "शेवटी एक ओळ घाला, प्रकृतीची काळजी घ्यावी." साहेब म्हणाले, "अहो, म्हणजे आपण अजून ऐकतोय असं नाही का वाटणार?" ओळ खोडली.

मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही स्वतः पत्र टाका." टाकलं असतं. खाली सही काय करू, आपला नम्र श्रोता? आणि तिकडेही आमच्यासारखे बसलेलेच आहेत की. माझं पत्र आधी त्यांच्यातला कुणी एक फोडणार, वाचणार, फायलीला लावणार. मी त्याला दोष देत नाही. मित्राचं ऐकावं लागतं, मित्राचं वाचावंही लागतं.

माझं काय झालं विचारता? बोभाटा झाल्यावर कुठेतरी लपवायला हवं होतं, म्हणून बदली केली. हवामान खात्यात. खऱ्या. आता शेजारचे छत्रीचं विचारतात तेव्हा मी नकाशा बघून सांगतो, आणि बरोबर येतं, त्यामुळे लोकांना संशय यायला लागलाय. उद्या ऊन आहे. भाऊसाहेबांच्या गावीही आहे, मी बघून ठेवतो रोज.

तो खोकला कसला आहे ते मात्र त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.