पॉपसाठी हलकी बंदूक

...तर नळी बारीक घ्यावी की जाड, एवढ्या एका प्रश्नावर मी अख्खा उन्हाळा घालवला, तुम्हाला सांगतो, अख्खा उन्हाळा! लोक मासे धरायला गेले, शेजाऱ्याने घरावर नवं छप्पर घातलं, आणि मी? मी तळघरात, बायकोचा पिठाचा काटा घेऊन स्क्रू मोजत बसलोय! हसू नका. माझ्या जागी असता तर तुम्हीही बसला असता.

का म्हणजे? सांगतो ना! माझे सासरे, एल्वुड. सगळे त्यांना पॉप म्हणतात. वय तेव्हा चौऱ्याहत्तर. पेनसिल्व्हेनियाच्या ह्या डोंगरात तोवर अठ्ठावन्न वर्षं हरणांचा हंगाम एकदाही चुकवलेला नाही! ऱ्होडा, म्हणजे माझी बायको, जन्मली तेव्हा बाप डोंगरावर, बातमी खाली कॅम्पवर आल्यावर कळली, तर म्हणाले, "हरीण सोलून आलोच." असा माणूस! आणि खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर मार्चमध्ये जेवताना, ताटातल्या बटाट्याकडे बघत म्हणतो, "यंदा मी नाही वर यायचा. बंदूक जड झालीय." बस्स. पुढे मीठ मागितलं. ऱ्होडाचे डोळे भरून आले... आणि मला, मूर्खाला, स्फुरण चढलं!

ऱ्होडा भांडी विसळता विसळता म्हणाली, "अरे, मग तूच ने की त्यांची बंदूक उचलून." मी हसलो! म्हटलं, बाई गं, हा यंत्राचा प्रश्न आहे, ह्यात तू पडू नकोस. आणि मनात ठरवलं, मी त्यांना हलकी बंदूक बांधून देणार, स्वतःच्या हाताने, गुपचूप! कारण काय, की लग्नाला नऊ वर्षं झाली तरी ह्या घरात मी अजून 'जॉर्जिया'. तिकडचा ना मी, दक्षिणेतला! नाव वेंडल आहे माझं, पण पॉपच्या तोंडून कधी ऐकलंय? "जॉर्जिया, लाकडं आण." "जॉर्जिया, दार लाव, तुमच्याकडे दारं नसतात का रे?"

मग विचारलं कुणाला? इंटरनेटवरच्या शहाण्यांना! त्यातला एक टेक्सासचा, नाव 'एकटा लांडगा'. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "भाऊ, एक लक्षात ठेव, डोंगर चढताना तोळा तोळा भारी होतो!" तुम्हाला सांगतो, हा माणूस राहतो कुठे, तर चारी बाजूंना सपाट माळ! घराचा जिना सोडला तर आयुष्यात काही चढलेला नाही! पण मी ते वाक्य कागदावर लिहून तळघरात चिकटवलं.

"पेन्सिलीसारखी बारीक नळी घे," लांडगा म्हणाला. घेणार, तोच दुसरा ओरडला, "वेडा झालास? पाच-सहा गोळ्यांत तापेल, नेम भरकटेल!" मी म्हटलं, अहो, पॉप अख्ख्या हंगामात एक गोळी उडवतात, आणि त्या एका गोळीबद्दल वर्षभर बोलतात! तर तो म्हणतो, "पण समजा उडवल्या वीस?" समजा! ह्या एका 'समजा'पायी माझे जून-जुलै गेले हो!

नळी ठरली बारीक, तर गॅसची भानगड पुढे उभी. म्हणजे काय, की हलकी बंदूक लाथ जोरात मारते, आणि पॉपचा खांदा आधीच शिवलेला. म्हणून मी गॅसवाली घेतली. गोळी सुटली की नळीतला थोडा गॅस एका भोकातून मागे येतो आणि पुढची गोळी आपोआप भरतो. धक्का त्यातच मुरतो. पण ते भोक कुठे? जवळ घेतलं तर दणका, लांब घेतलं तर मऊ, पण गॅस मागे आणणारं नळकांडं लांब म्हणजे वजन! आखूड, मधलं, लांब... तीन नळकांडी उशाशी घेऊन झोपायचो. ऱ्होडा म्हणाली, "एक तर ती राहतील, नाही तर मी." मी म्हटलं, मधलं कुठलं ते तू सांग, मग ठरवू. कारण डोंगर चढताना तोळा तोळा भारी होतो!

शेवटी मधलं घेतलं. भोकावर बसणारा गॅसचा ठोकळा हलक्या टायटॅनियमचा. अख्खी बंदूक साडेपाच पौंड! आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर, टर्की झाली, गोडधोड झालं, सगळ्यांसमोर ती पॉपच्या हातात दिली. त्यांनी ऑपरेशनच्या हाताने उचलली... चमचा उचलावा तशी! म्हातारा खाली-वर बघतोय, बोटं फिरवतोय. मला वाटलं, आता... आता 'वेंडल' म्हणणार!

उठले. खणातून शिकारीच्या नियमांचं पुस्तक काढलं, लायसन्सबरोबर देतात ते. चष्मा लावला. एका ओळीवर बोट ठेवलं. "वाच."

वाचलं. पेनसिल्व्हेनियात आपोआप भरणारी बंदूक हरणाला चालत नाही! दर गोळी हाताने भरायची! जॉर्जियात चालते हो, आमच्याकडे चालते... पण इथे? म्हणजे ज्या गॅससाठी मी रात्रंदिवस मरमर मेलो, तोच नडला! मी ऱ्होडाकडे बघितलं. ती म्हणते, "मला वाटलं, कोल्ह्यांसाठी करतोयस! त्यांना चालते ना!" मेहुणा म्हणतो, "मलाही कोल्ह्यांसाठीच वाटलं." सगळ्या गावाला कोल्ह्यांसाठी वाटत होतं!

आणि पॉप हसले. ऑपरेशनपासून हा माणूस हसला नव्हता. आता खांदा धरून, डोळे पुसत हसतोय! "जॉर्जिया," म्हणाले, "उडवताना मला जडच बरी रे, लाथ कमी मारते. त्रास होता तो फक्त वर न्यायचा." ऱ्होडा भांडी विसळायला उठली... पण उठताना तिने माझ्याकडे कसं बघितलं, ते तुम्ही बघायला हवं होतं!

तर आता दर हंगामाच्या पहिल्या शनिवारी पहाटे पॉप पुढे, हात खिशात, शीळ घालत. मागे मी. एका खांद्यावर माझी बंदूक, दुसऱ्यावर त्यांची अक्रोडाच्या लाकडाची नऊ पौंडांची. हे त्यांचं एकसष्टावं वर्ष, माझं हमालीचं तिसरं. अर्ध्या चढावर म्हातारा थांबतो, मागे वळतो आणि माझ्याच तळघरातला कागद मला वाचून दाखवल्यासारखं म्हणतो, "काय वेंडल, दमलास? डोंगर चढताना तोळा तोळा भारी होतो!"

हो, वेंडल म्हणतात आता. आणि यंदा म्हणालेत, "वेंडल, घडीची खुर्चीपण घे."