अकरा घरांची यादी

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरचे आमदारसाहेब, मुख्य अभियंतासाहेब, समोर बसलेले वीज कार्यालयातले माझे जुने सहकारी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो पण ज्यांना तुम्ही अगदी टोकाची खुर्ची दिलीत, ते आमचे लाइनमन, शिडीमामा,

मी याच कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावरून निवृत्त झाले. मला दोन मिनिटं दिली आहेत म्हणे. बघू.

मघापासून पाऊण तास नव्या कायद्याचं कौतुक ऐकतेय. जुन्या तारा बदलणार, बिघाड आपोआप कळणार, बिलं उतरणार. उतरलीच पाहिजेत. मी तो कायदा वाचलाय, अठ्ठेचाळीस पानं. व्यासपीठावर आणखी कोणी वाचलाय, हे विचारत नाही. पाहुण्यांना अडचणीत आणू नये, असं मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या. मामांच्या वाट्याला मात्र दोन वाक्यं आली आणि एक भिंतीवरचं घड्याळ. ते सेलवर चालतं, एवढी तरी दूरदृष्टी दाखवलीत.

माझी थोरली बहीण, अक्का, घरी विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजनच्या मशिनवर असते; वीज गेली की सिलिंडर लावावा लागतो. लाइन बंद करायची असली की मामा आधी दार वाजवायचे. "ताई, अकराला बंद करतोय. सिलिंडरचा काटा दाखवा." काटा बघितल्याशिवाय हा माणूस कधी खांबावर चढला नाही. अशी अकरा घरं आहेत. कॅलेंडरच्या पानामागे मामांनी त्यांची यादी लिहून ठेवलीये. कोणाच्या आदेशाने? कोणाच्याच नाही.

गेल्या महिन्यात नव्या यंत्रणेची चाचणी झाली. लांबच्या कुठल्याशा खोलीत कोणीतरी बटण दाबलं. आमचं दार वाजलं नाही. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, मशिनची शिट्टी ऐकू आली नाही. खाली येऊन सिलिंडरची नळी जोडेपर्यंत अक्काचे ओठ निळे पडले होते. कार्यालयात फोन केला, तर पूर्वसूचनेचा मेसेज गेलाय म्हणाले. गेला होता. भावोजींच्या नंबरवर, कारण मीटर त्यांच्या नावावर आहे. भावोजींना जाऊन चार वर्षं झाली.

मी यादी घेऊन अभियंतासाहेबांकडे गेले. नव्या फॉर्ममध्ये तसा रकाना नाही, असं मला सांगण्यात आलं. एवढी मोठी यंत्रणा उभी केलीत आणि एक रकाना आखता येत नाही? आणि दाराशी जाणारा माणूस कमी करून बिल उतरवणार असाल, तर ती काटकसर कोणाच्या श्वासातून करताय?

काल मामांना विचारलं, उद्यापासून काय? म्हणाले, "मी रिटायर होतोय ताई. त्या घरांतलं कोणी होत नाहीये."

आमदारसाहेब, कायद्याचे नियम अजून लिहायचेत, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत. ही घ्या यादी. आणि ही तिची पोच. एकतीस वर्षांत मी पोच घेतल्याशिवाय कागद हातचा सोडला नाही. इथे सही करा. पेन माझ्याकडे आहे.

संयोजकांनी बोलू दिलं, त्यांची मी आभारी आहे. दोन मिनिटं केव्हाच उलटली, शब्दही तिखट गेले असतील. त्याबद्दल सगळ्यांनी मोठ्या मनाने क्षमा करावी. सही होईपर्यंत मी मात्र माइकपाशीच उभी आहे. अक्काजवळ शेजारीण बसलीये. मला घाई नाही.