परत येण्याची हमी

...आणि वर त्या व्हिसाच्या ऑफिसातल्या काचेमागच्या बाई मलाच विचारतात, "फोटोत हसताय कशाला?" अहो, हसतोय कुठे! माझं तोंडच तसं आहे, डावीकडून जरा वर गेलेलं. त्या तोंडापायी शाळेत मार खाल्लाय मी. "मास्तर ओरडतायत आणि हा हसतोय" म्हणून दोन छड्या जास्तीच्या! पण हे त्या बाईंना सांगायचं कसं? मध्ये बोटभर जाड काच, काचेला वाटीएवढं भोक, आणि ते भोक माझ्या बरगड्यांच्या उंचीवर. म्हणजे बोलायचं तर कमरेत वाकून. तुम्हाला सांगतो, ज्या कोणी ती खिडकी बांधली ना, त्याने ठरवूनच बांधली असणार, की इथे येणारा माणूस वाकलेलाच हवा. "चेहरा निर्विकार पाहिजे. नवीन फोटो. मूळ कागद, सोबत दोन झेरॉक्स. पुढचा!"

मी मागितलं काय होतं हो? एक वर्ष! एकच वर्ष मागितलं होतं मी!

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा कुठे पळून चालला होता. म्हणजे... पळूनच चाललो होतो, पण रीतसर. झालं असं, की तीन वर्षांपूर्वी मी शेवटच्या, तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. नापास झालो नाही, आजारी पडलो नाही, प्रेमभंगही नाही. एके दिवशी वर्गात बसलो होतो, सर वीस वर्षांपूर्वीच्या वहीतून वाचत होते, पानं पिवळी, कोपरे झिजलेले, आणि मी पहिल्या बाकावर असल्यामुळे मला दिसलं, की त्यांचा विनोदसुद्धा वहीत लिहिलेला आहे आणि पुढे कंसात 'थांबणे'. ते थांबले. आम्ही हसलो. मग मी उठलो आणि घरी आलो.

त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. माझ्याबद्दल बोलतात! बाबा पाणीपुरवठा खात्यात जुन्या फायली सांभाळतात, माणसांशी बोलायची सवय तशी कमीच. मी त्यांच्या शेजारी जेवायला बसलोय, कोपराला कोपर लागतोय, आणि ते आईला विचारतात, "त्याचं पुढे काय ठरलंय?" अहो, त्याला विचारा ना! तो इथेच आहे, तुमच्या पाण्याच्या भांड्याशेजारी! काकांचं नळाच्या तोट्यांचं दुकान. ते येतात, माझ्याकडे गळक्या नळाकडे बघावं तसं बघतात, च्यक् करतात, चहा पितात, जातात. आणि आत्या. आत्या मोठ्या दवाखान्यात मेट्रन होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून रोज सकाळी घरभर राउंड घेते. "हा अजून अंथरुणात? का? कुणी परवानगी दिली?"

अशात मला ती जाहिरात दिसली. परदेशातला वृद्धाश्रम, लहान गाव, जवळ तळं. स्वयंसेवक हवेत, बारा महिन्यांसाठी. खोली मिळेल, जेवण मिळेल, पगार मिळणार नाही. काम म्हणजे बावीस म्हाताऱ्यांना सकाळी उठवायचं, मोजे घालायचे, तळ्यापर्यंत चालवत न्यायचं आणि तितकेच्या तितके परत आणायचे. आता तुम्ही म्हणाल, घरातल्या मोठ्या माणसांना कंटाळलास आणि बावीस म्हातारे सांभाळायला निघालास? हो, निघालो! त्यांची भाषा मला येत नाही! ते दिवसभर मला नालायक म्हणू देत, मी मान डोलावीन आणि मोजे घालीन!

नाही, पण एक खरं सांगतो. मी त्यांना सगळं लिहिलं होतं. कॉलेज सोडलंय, नोकरी नाही, स्वयंपाक येत नाही. आजोबा शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते, त्यांचं सगळं मीच करायचो, तेवढं येतं. त्यांचं उत्तर आलं, दोनच ओळी: 'तुम्ही या. आम्हाला तुमची गरज आहे.' ते मी न्हाणीघरात कडी लावून वाचलं. पाच वेळा. बाहेरून आत्या दार वाजवतेय, "पोट बिघडलंय का? किती वेळा झाली?"

घरात सांगितलं तर काका म्हणाले, "पगार नाही? मग हा कामाला चाललाय का शिक्षा भोगायला?" आत्या म्हणाली, "स्वतःचे मोजे धड जोडीने सापडत नाहीत, हा दुसऱ्याला घालणार!" बाबा म्हणाले, "त्याला विचार, फुकट काम करायला एवढ्या लांब कशाला जायला हवं?"  आईने माळ्यावरून बॅग काढली आणि पुसून ठेवली.

एक वर्ष हो! एकच वर्ष मागितलं होतं मी!

तर फोटो. आत्या म्हणाली, मी येते, तुला निर्विकार होता येणार नाही. स्टुडिओत फोटोवाला म्हणतो, "साहेब, कसलाही विचार करू नका. कोरं बघा. डावी बाजू खाली घ्या. अजून खाली. आता उजवीपण गेली!" अकरा फोटो काढले. बाराव्याला आत्या मागून म्हणाली, "शेजारचा पोरगा याच्याहून दोन वर्षांनी लहान, त्याने घर घेतलं." खटाक्! असा निर्विकार फोटो त्या माणसाने आयुष्यात काढला नसेल. मी उठायला लागलो तर आत्या त्याला म्हणते, "अहो, आता एक हसरा काढा. जाकीट आहे का तुमच्याकडे? लागेल पुढेमागे." मला तेव्हाच कळायला हवं होतं! पण मी गाढव. जाकीट घातलं.

आता खरी गोष्ट ऐका. यादीत सत्तावीस कागद होते. सव्वीस मी जमवले. पोलिसांचा दाखला, फुप्फुसांचा फोटो, दातांचा दाखला... दातांचा! मी म्हाताऱ्यांना चावणार होतो का? सत्ताविसावा कागद असा, की अर्जदार मुदत संपल्यावर परत येईल, याची हमी देणारी जवळच्या तीन नातेवाइकांची पत्रं. नोटरीचा शिक्का मारून, बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर सही. अर्जदाराने उघडायचं नाही! म्हणजे माझ्याबद्दल बोलायची सोय सरकारी पातळीवर झाली!

मी तिघांनाही हात जोडून सांगितलं, "जे खरं आहे तेच लिहा. मी अर्जात सगळं खरं लिहिलंय." बाबा आईला म्हणाले, "त्याला सांग, मला पत्र लिहायला शिकवू नकोस." काका म्हणाले, "तू काळजीच करू नकोस." आत्या म्हणाली, "तू काळजीच करू नकोस." दोघांनी, वेगवेगळ्या दिवशी, अगदी एकाच सुरात! नोटरी जिन्याखाली टेबल टाकून बसतो, तो काही वाचत नाही, नुसता ठप्पा मारतो. मी विचारलं, काय लिहिलंय बघितलंत का? म्हणाला, "वाचत बसलो तर दिवसाला चार होतील."

मुलाखतीच्या दिवशी आत एक साहेब बसले होते. शांत माणूस, चष्मा कपाळावर. माझ्यासमोर त्यांनी तिन्ही पाकिटं फोडली. पहिलं वाचलं, माझ्याकडे बघितलं. दुसरं वाचलं, माझ्याकडे बघितलं. तिसरं वाचलं आणि चष्मा खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. मग तिन्ही पत्रं टेबलावर ओळीने मांडून म्हणाले, "यातले तुम्ही कोणते?"

मी वाकून बघितलं. बाबांनी लिहिलं होतं, 'माझा मुलगा अत्यंत हुशार असून अखेरच्या वर्षाला आहे. सध्या त्याने शिक्षणातून रजा घेतली आहे. परीक्षेसाठी त्याला परतावेच लागेल.' काकांनी लिहिलं होतं, 'हा माझ्या दुकानाचा मॅनेजर आहे. याच्यावाचून धंदा एक दिवस चालत नाही.' आणि आत्याने... आत्याने लिहिलं होतं, 'याचं लग्न ठरलेलं आहे. मुलगी सुस्वभावी आहे. सभागृह बोलून ठेवले आहे.' सोबत फोटो! जाकिटातला! हसरा!

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे ही पद्धतच आहे. घरात पोराला तोंडावर दगड म्हणायचं आणि दाराबाहेरच्या माणसाला हिरा म्हणून दाखवायचा. घरातलं बाहेर कळता कामा नये! तिघांनी तीन वर्षं मला धुऊन काढलं, पण एका परक्या माणसासमोर 'पोरगं घरी बसून आहे' एवढं लिहायला कुणाचा हात धजावला नाही. आणि एकमेकांना विचारलं? छे! तीन वडीलधारी, तीन थापा, तीन शिक्के!

आणि खोटं कशाला बोलू, त्या पत्रातल्या 'अत्यंत हुशार'वर माझी नजर अडकली होती. बापाने मला हुशार म्हटलं होतं. टेबलापलीकडच्या परक्या माणसाला, बंद पाकिटात, पण म्हटलं होतं... आणि ते खोट्यात धरलं जाणार होतं!

साहेब म्हणाले, "अर्जात लिहिलंय, शिक्षण सोडलं, काम नाही, अविवाहित. पत्रांत एक विद्यार्थी, एक मॅनेजर आणि एक नवरदेव. वृद्धाश्रमात यातला कोण जाणार?"

मी म्हटलं, "अर्जातला."

"त्याची हमी कोणी दिली आहे?"

काय सांगू? कोणीच नाही. मी त्या तीन पत्रांकडे बघितलं, आणि माझं तोंड डावीकडून वर गेलं. साहेब म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे?"

अर्ज नामंजूर! 'माहितीत विसंगती. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल.' आश्रमाला कळवलं, तर त्यांनी लिहिलं, आम्ही थांबतो. परके लोक थांबायला तयार! आणि घरी? घरी मी कागद टेबलावर आपटला आणि पहिल्यांदा ओरडलो, "खरं लिहायला काय झालं होतं?" तर तिघं एकमेकांवर तुटून पडले. काका बाबांना म्हणतात, "दादा, तू मध्येच विद्यार्थी कशाला काढलास? माझा मॅनेजर चालला असता!" आत्या म्हणते, "तुम्ही दोघं गप्प बसला असतात तर नवरदेव केव्हाच पोचला असता!" मी कुठेच नाही! मी परत भांड्याशेजारी!

एक वर्ष, एकच वर्ष मागितलं होतं मी, आणि यांनी तीन माणसं पाठवली!

पुढचं ऐका. रात्रभर काकांना झोप नाही. सकाळी दारात हजर. "शिक्क्यावर लिहून दिलंय मी. उद्या चौकशी आली तर? मला आत टाकतील. उद्यापासून दुकानात बस." म्हणजे त्यांची थाप खरी करायला मी मॅनेजर! हे ऐकल्यावर बाबांनाही कापरं भरलं, सरकारी नोकरीतला माणूस, खोटं प्रतिज्ञापत्र! त्यांनी कॉलेजचा फॉर्म आणला, माझ्यासमोर ठेवला. आणि आत्याला चौकशीची भीती कसली! ती म्हणाली, सभागृह खरंच बोलून ठेवलंय, आता मुलगी तेवढी बघायची.

मीही म्हटलं, ठीक आहे. सहाच महिने. कागद खरे करू आणि निघू.

मुलगी दवाखान्यात क्ष-किरणाचे फोटो काढते. चांगली आहे, सरळ बोलते. मला म्हणाली, "माझ्याबद्दल तुम्हाला कधी कळलं?" मी म्हटलं, "काल. पण आपलं लग्न ठरल्याचं सरकारला पाच महिन्यांपूर्वीच कळवलंय." ती इतकी हसली, की आत्या आत पळत गेली तारीख बघायला.

सहा महिन्यांनी पुन्हा तेच ऑफिस, तेच साहेब. सगळे कागद एकमेकांशी जुळलेले. विद्यार्थी खरा, मॅनेजर खरा, नवरदेव खरा. साहेब म्हणाले, "आता परत यायला पुष्कळ कारणं दिसतायत." आणि ठप्पा मारला! मिळाला व्हिसा! पूर्ण एक वर्षाचा!

मी नाचत घरी आलो. आई बॅग पुसायला लागली. बाबा म्हणाले, "परीक्षा मार्चमध्ये आहे." थेट मला म्हणाले! काका म्हणाले, "तू गेलास तर दुकान कोण बघणार? मला आता मापंसुद्धा आठवत नाहीत रे." आणि ते थाप मारत नव्हते, मी बघितलंय ना, अर्ध्या इंचाची तोटी मागितली तर पाऊण इंची देतात! लग्न दीड महिन्यावर. ती म्हणाली, "जा की, मी थांबते." तिचे वडील म्हणाले, "कशावर थांबते?" आश्रमातून पत्र आलं: 'बावीसचे आता वीस झालेत. कधी येताय?' ते पत्र चार दिवस खिशात घालून हिंडलो. मग उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पाठवलं.

त्या साहेबांची काळजी तेवढी एकच होती हो, की हा पठ्ठ्या मुदतीबाहेर तिथे एक दिवससुद्धा राहू नये. कळवा त्यांना, निश्चिंत झोपा म्हणावं. व्हिसावरची तिथे दाखल व्हायची शेवटची तारीख काल होती, आणि मी दुकानात होतो.