चालून राहिला

हसू नका बे, पण माझी इंटर्नशिप 'राहिला' या एका शब्दावर लटकली होती.

मोठ्या कंपनीची मुलाखत, व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या मॅडम, अन् मी राजापेठच्या माझ्या खोलीत. प्रोग्राम लिहिला, रन केला. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरू लागलं अन् मी त्याच्यात हरवलोच. वाटलं, तिकडं अकोटले आई ओट्यावर बसून झेंडूचा हार ओवून राहिली, अन् हार काही संपूनच नाही राहिला.

"प्रोग्रामचं काय झालं?" मॅडमनं विचारलं.

"चालून राहिला जी."

"चालायचा राहिला?"

"नाही जी, चालूनच राहिला! म्हणजे अजून चालूच आहे!"

"मग थांबणार कधी?"

तवा कुठं मी जागा झालो. कोड पाहिला. "थांबणारच नाही, मॅडम. लूपमध्ये आकडा वाढवायचा राहिला."

मॅडम खळखळून हसल्या. "हा 'राहिला' मात्र समजला हं!"

पुढच्या महिन्यात ऑफर लेटर आलं. चार दिवस मी ते नुसतं पाहून राहिलो. पाचव्या दिवशी मॅडमचाच फोन.

"काय रे, सही करायची राहिली, का करून राहिलास?"