पांडवांच्या लेण्यातली बाई

चिंतामणी : आई, जपून. वटवाघळांची घाण आहे सगळी. वहिनी, तिचा हात धरा.

जानकीबाई : मला काय धरता! बाघ गावावरून नर्मदेला जायचं आणि पाच पांडवांना नमस्कार करायचा नाही, असं कुठं असतं का? अगंबाई! केवढा हा भीम!

चिंतामणी : भीम नव्हे गं, बुद्ध आहे. हे बौद्ध भिक्षूंचं लेणं. पांडव इथं कधी आलेच नाहीत.

जानकीबाई : धारच्या शाळेत पोरं शिकव जा, मला नको. विनू, कर बाई नमस्कार. काय मागायचं ते माग.

विनोदिनी : काय मागू, सासूबाई? उद्या घाटावर न्हावी येणार. केस जायचे ते जाणारच.

चिंतामणी : वहिनी, मी भाऊकाकांना सांगितलं होतं. म्हटलं, दादा जाऊन चारच महिने झालेत, वहिनींचं वय तरी बघा...

जानकीबाई : सांगितलं होतंस? उंबऱ्याकडे बघून पुटपुटला होतास! मी तरी कुठं तोंड उघडलं म्हणा. घरातले वडीलधारे म्हणाले, केशवपन नर्मदेवरच व्हायचं. मी मुकाट्यानं दशम्या बांधल्या.

विनोदिनी : सासूबाई, इकडे या. भिंतीवर एक बाई काढलीय. रडतेय.

जानकीबाई : कुठं? अरे देवा... तोंडावर हात घेऊन कशी हमसून हमसून रडतेय पोर! आणि केस बघ, सगळे मोकळे. द्रौपदीच ही!

चिंतामणी : आई, ही द्रौपदी नाही...

जानकीबाई : गप रे. पांडवांच्या घरात केस सोडून रडणारी दुसरी कोण असणार?

विनोदिनी : शेजारी एकजण बसलीय बघा. समजूत घालतेय तिची.

जानकीबाई : हो गं. माझे केस उतरवले तेव्हा माझ्याजवळ नव्हतं कुणी. बाविसावं चालू होतं मला, हा चिंतू पाळण्यात. गार पाणी मानेवरून ओघळत होतं आणि सगळ्या बायका पाठ करून उभ्या. माझी सासूसुद्धा.

विनोदिनी : रडू नका ना, सासूबाई.

जानकीबाई : द्रौपदीच्या केसांना एकदा हात लावला, तर अठरा अक्षौहिणी सैन्य मेलं! आणि आमच्या घरात साधं ‘नको’ म्हणायला माणूस मिळेना. चिंतू, जा. गाडीवाल्या भियाला सांग, बैल धारकडे वळव.

चिंतामणी : आई! भाऊकाका तिकडं घाटावर वाट बघतायत. संतापतील. वाळीत टाकतील आपल्याला.

जानकीबाई : टाकू देत. ते दारात आले की मी पुढं होईन. तू काय करशील ते बोल.

चिंतामणी : तुझ्या शेजारी उभा राहीन. आणि पुटपुटणार नाही.

जानकीबाई : मग जा लवकर.

(चिंतामणी गाडीकडे जातो.)

विनोदिनी : सासूबाई, भावजी शिकलेले आहेत. खरंच द्रौपदी नसेल ती.

जानकीबाई : नसेना का! रडतेय ती कुणाची तरी लेकच ना? ये, बस अशी पुढ्यात. चार महिने डोक्याला फणी लागलेली नाही तुझ्या. बोटांनीच सोडवते गुंता.

विनोदिनी : तुम्ही?

जानकीबाई : तीस वर्षांत केसांना हात लावला नाही गं. ओढ बसली तर सांग.