सासूबाई मोठ्या पडद्यावर

नाही पण, तुम्हीच सांगा, आधीच वारलेल्या सासूला पुन्हा मारणारा जावई तुम्ही बघितलाय कधी? मग नीट बघून घ्या, तुमच्यासमोर उभाय! तेही साधंसुधं नाही हो... बॉम्बने! गॅलरीसकट!

तुम्हाला सांगतो, माझे सासरे कॉमिक काढायचे. चित्रं, गोष्ट, सगळं एकटेच, जेवणाच्या टेबलावर, आणि जेवायची वेळ झाली की सासूबाई ओरडायच्या, "उचला तुमचा तो छत्रीवाला!" छत्रीवाला म्हणजे नायक. ढेरपोट्या, चष्मिष्ट, छत्री उघडून उडायचा, पण दुसऱ्या मजल्याच्या वर त्याला गरगरायचं. मग तिथूनच खलनायकाला हात जोडायचा, "अहो, जरा खाली येता का?" आणि तो यायचा हो! आणि दर अंकात, हा उडणार तेवढ्यात, गॅलरीतून बायकोची हाक, "अहो, मफलर घेतलात का?" ती बायको म्हणजे हुबेहूब सासूबाई. तोच अंबाडा, तोच आवाज... आता चित्राला आवाज कुठला, पण यायचा! सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांनी कॉमिक थांबवलं. एक दिवस मला म्हणतात, "जावईबापू, तुम्ही सिनेमे लिहिता. हिला एकदा मोठ्या पडद्यावर बघायचंय हो." डोळ्यांत पाणी. अशा वेळी माणूस काय करणार? मी मान हलवली.

तिथेच घात झाला! कारण माझी मान कुणापुढेही हलते. निर्मात्यांनी कॉमिक चाळलं, तेही मागून पुढे, आणि घसा खाकरून म्हणाले, "ढेरी नको. दंड पाहिजेत, दंड!" मी मान हलवली. "छत्रीतून क्षेपणास्त्रं सुटू देत!" मान हलवली. "आणि ही बायको सुरुवातीलाच उडवा. घरचं माणूस गेल्याशिवाय नायक पेटत नाही!" अहो, अगदी ओठांवर आलं होतं, साहेब, ही माझी सासू आहे... तेवढ्यात चहा आला. पोऱ्या नाही, खुद्द निर्माते कप पुढे करून विचारतात, "साखर चालते ना?" मी मान हलवली. साखरेला हो! पण त्यांनी सासूबाईंवर काट मारली.

तुम्ही म्हणाल, कॉमिकचे सिनेमे काय आजचे आहेत? बरोबर! सगळा इतिहास पालथा घातला मी, कुठेतरी माझ्यासारखा पापी भेटेल म्हणून. आधी बिचारे नायक कापडी कपड्यांत उडायचे, गुडघ्यावर चुण्या... मग रबर आलं, त्यात नायकाची मानच वळेना, मागे बघायचं तर अख्खा माणूस फिरवायचा! हे वाचलं आणि रडूच आलं मला. असा पोशाख मला का नाही शिवला कुणी? मान हलली नसती, सासूबाई वाचल्या असत्या! मग संगणक आले, आता नायक हिरव्या कापडासमोर नुसता लोंबकळतो, शहर मागाहून येतं. सगळं येतं हो मागाहून... सासूबाई कुठून आणू?

पहिल्या खेळाला सासरे कडक इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात मफलर. थिएटरात उकडून जीव चाललाय, आणि मफलर! पडद्यावर गॅलरी आली. त्यांनी माझा हात घट्ट धरला. बाईंनी तोंड उघडलं... धडाम!

"ही कुठे गेली?"

"येतील हो बाबा."

मग काय, पडद्यावर इमारती कोसळताहेत, पूल तुटताहेत, आणि हे माझ्या कानाशी, "आता येईल?" मी मान हलवली. "धूर निवळला की येईल, नाही?" मान हलवली. काळोखात! त्यांना दिसलीही नसेल. पलीकडच्या खुर्चीतून माझी बायको माझ्याकडे बघत होती, तिला मात्र सगळं दिसत होतं. आईच ना तिची... इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

दिवे लागले. सासऱ्यांनी मफलर काढला, गुडघ्यावर ठेवून त्याची घडी घातली. म्हटलं, आता ऐकवतील. ऐकवा हो, चार लोकांत ऐकवा, तेवढंच जरा हलकं वाटेल! पण नाही. पाठीवर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका, जावईबापू. एक पात्र मात्र झकास उतरलंय. तो खलनायकाच्या मागे उभा असतो बघा, तोंडातून शब्द नाही, मालक काहीही बोलू दे, हा आपला मान हलवतोय! अगदी जिवंत माणूस. माझ्या कॉमिकात नव्हता हा. तुमच्या ओळखीतला आहे का कुणी?"

आता काय सांगू तुम्हाला...

मान हलवली.