सांगोल्याहून आलेला आवाज

हिंदुराव : न्हाय मालक, ह्ये टॅपेट न्हाय. टॅपेट असतं तर चिमणीवानी वाजलं असतं. ह्ये आतलं दुखणं हाय.

चनबसप्पा : ऐकलास का ईरप्पा? आतलं म्हणतोय मिस्त्री.

ईरप्पा : ऐकलं. मघाशी क्लच म्हणाले, त्याच्या आधी चेन. आवाज त्यांच्या कानावर अजून एकदाही पडलेला नाही, तेही ऐकलं.

हिंदुराव : कानावर पडाया कशाला पायजे? मंगळवेढ्याच्या ह्या रस्त्याला जेवडी इंजनं बंद पडली, समदी मी ह्याच लिंबाखाली खोलल्यात.

ईरप्पा : जोडलीत किती?

हिंदुराव : ते ज्याच्या त्याच्या नशिबावर.

चनबसप्पा : उघडा हिंदुराव. आज काय ते निघू दे. निघालेला तुकडा हातात घेऊनच मी मंगळवेढ्यात मामापुढं बसणार. आमचे अप्पा होते तोवर ही फटफटी कशी देवघरातल्या समईसारखी होती. ते गेले, हा पठ्ठ्या कुणाला न विचारता तिला सांगोल्याच्या खडीतनं फिरवून आला, आणि अप्पांच्या उत्तरकार्याच्या, गणाराधनेच्या दिवसापासून टक टक, टक टक. डोकं फुटायलंय माझं.

ईरप्पा : अप्पा गेल्याचं बिरप्पाला सांगायला गेलो होतो. जन्माचा मित्र त्यांचा. मेंढरं सोडून तो माणूस तुमच्या तारेची वाट बघत बसला असता का?

चनबसप्पा : एस.टी. नव्हती?

ईरप्पा : आज आहे? रेल्वेचा संप, सगळा जिल्हा एस.टी.च्या टपावर बसलाय. नाहीतर स्वतःच्याच वाटणीला मी तुमच्या मागं बसून निघालो असतो का?

चनबसप्पा : बघा. सख्खा धाकटा भाऊ, आणि मला तुमच्या म्हणतोय. तुम्ही, तुमच्या. भांडल्यापासून असंच चाललंय.

हिंदुराव : मान दितोय की.

चनबसप्पा : मान नव्हे तो.

हिंदुराव : वाटणी कशाची म्हनायची?

चनबसप्पा : चादरीचं दुकान, भवानी पेठेतलं घर, सगळंच. मामा आज करून देणार. वडिलांची गाडी ज्याला जपता येत नाही, त्याच्याबरोबर वडिलांचं दुकान कसं चालवायचं बे? गाडी निदान वाजून सांगती. दुकान वाजत नाही.

ईरप्पा : आणि जन्मदाती अव्वा काय म्हणाली, ते नाही सांगितलंत.

चनबसप्पा : तिचं काय बे मधी.

ईरप्पा : घरात मधे भिंत घालणार असाल, तर माझी बाज त्या भिंतीवर टाका म्हणाली.

हिंदुराव : भित रुंद घालाया लागंल. मालक, लई वाकू नका. गळ्यातली करडगी तेलात जाईल.

चनबसप्पा : अप्पांची आहे ती. त्यांचं इष्टलिंग त्यांच्याबरोबर समाधीत गेलं. ही त्याची चांदीची डबी, करडगी, रिकामी राहिली, ती अव्वानं गणाराधनेदिवशी माझ्या गळ्यात घातली, माझं लिंग आत ठेवून. जुन्या काळची चांदी. हातात घेऊन बघा, केवढी जड.

ईरप्पा : म्हणून शर्टाच्या बाहेर.

चनबसप्पा : घरात आता थोरला कोण, ते पेठेला कळायला नको? ही घातली आत. उघडा तुम्ही.

ईरप्पा : थांबा. जुनं इंजिन आहे, हिंदुराव. उघडलं की काहीतरी झिजलेलं निघणारच ना?

हिंदुराव : निघतंय की. खोलल्यावर काय निघालं न्हाय, आसं माज्या हातनं कदी झालंच न्हाय.

ईरप्पा : आणि जे निघेल, ते सांगोल्याच्या नावावर. टाकीच्या झाकणापाशी हे टवके उडालेत, तेसुद्धा माझ्याच का?

चनबसप्पा : मग काय अप्पांनी उडवले? रोज सकाळी पुसायचे ते टाकी.

ईरप्पा : हिंदुराव, तुम्ही आत्ता ओढ्यापर्यंत जाऊन आलात. वाजली?

हिंदुराव : न्हाय. गाईवानी गेली.

ईरप्पा : त्याच्या आधी मी नेली.

हिंदुराव : तवाबी न्हाय. मालक बसलं की वाजती म्हणं. आसतंय, काय काय इंजनं माणूस वळखत्यात.

चनबसप्पा : म्हणजे मी खोटं बोलायलोय?

ईरप्पा : तुम्ही चालवा, मी मागं बसतो. वाजली, तर इंजिन उघडा. भिंत घालू नका, मीच भवानी पेठ सोडतो.

चनबसप्पा : सोडतो म्हणजे? कुठं जाणार?

ईरप्पा : ते तुम्हाला कशाला?

चनबसप्पा : …बस मागं. थांब, करडगी बाहेर काढू दे. रस्त्याला माणसं असतात.

(गाडी लिंबाखालून रस्त्यावर येते.)

चनबसप्पा : आता बोलू नकोस. वाकून कान दिल्याशिवाय नीट कळत नाही. हां. आला बघ. टक टक. ऐकलास?

ईरप्पा : ऐकला.

चनबसप्पा : खोटं होतं माझं?

ईरप्पा : नव्हतं.

चनबसप्पा : शब्द दिलायस तू.

ईरप्पा : दिलाय. सरळ बसा, पुढं बैलगाडी आहे.

चनबसप्पा : दिसतीय मला.

ईरप्पा : आता वाजतंय?

चनबसप्पा : आता नाही. लबाड आहे तो आवाज, येतो आणि जातो. कान दिला की… हा बघ, आला.

ईरप्पा : सरळ बसा.

चनबसप्पा : गेला.

ईरप्पा : वाका.

चनबसप्पा : आला. का बे, कवायत घ्यायलास का माझी?

ईरप्पा : अण्णा, गाडी बाजूला घे.

चनबसप्पा : का?

ईरप्पा : घे की. इंजिन बंद कर. आता तसाच वाकलेला राहा, आणि खाली बघ.

चनबसप्पा : काय बघू? टाकीचं झाकण आहे.

ईरप्पा : झाकणावर काय टेकलंय?

चनबसप्पा : करडगी.

ईरप्पा : हलव जरा.

चनबसप्पा : शिव शिवा.

ईरप्पा : अप्पा तुझ्याहून चांगले वीतभर उंच. दोरा त्यांच्या मापाचा.

चनबसप्पा : पण अप्पा चालवायचे तेव्हा कधी वाजली नाही रे.

ईरप्पा : अप्पा पूजेला बसल्यासारखे ताठ बसायचे. करडगी शर्टाच्या आत. आणि गाडीला काय झालंय, म्हणून असं वाकून वाकून ऐकायचे नाहीत.

चनबसप्पा : म्हणजे टवकेसुद्धा…

ईरप्पा : रंग लावू.

चनबसप्पा : हिंदुरावाला काय सांगायचं? पाने-पक्कड मांडून बसलाय तो. हा बघ, पळत आलाच.

हिंदुराव : काय मालक, पडली न्हवं बंद? म्हनलंच हुतं मी.

ईरप्पा : बंद नाही पडली. आवाज सापडला. टाकीवर होता.

हिंदुराव : मग? वरच्या अंगाला हाय म्हनून मी कवापास्नं सांगतोय.

ईरप्पा : आतलं दुखणं म्हणाला होतात.

हिंदुराव : वरनंच आत जातंय की समदं. खोलायचं न्हाय म्हना की मग.

चनबसप्पा : नाही हिंदुराव. राहू दे.

हिंदुराव : बरं. परत वाजली तर लिंब हितंच हाय.

चनबसप्पा : गेला एकदाचा. ईरप्पा, मामा पंचमंडळी बोलावून बसला असेल. त्यांना काय सांगायचं?

ईरप्पा : जेवायला आलो म्हणू. मामीनं शेंगापोळ्या केल्या असतील.

चनबसप्पा : वाटणीचं विचारतील की.

ईरप्पा : वाढताना विचारतील. तोंडात घास असेल.

चनबसप्पा : …बिरप्पाला मी अजून भेटलोच नाही रे. मंगळवेढ्याहून सांगोला काय लांब नाही.

ईरप्पा : रस्ता खडीचा आहे.

चनबसप्पा : असू दे.

ईरप्पा : चल मग.

चनबसप्पा : हा दोरा आखूड करून घेऊ का?

ईरप्पा : नको. अप्पांच्याच मापाचा राहू दे.

चनबसप्पा : मग वाजणार की.

ईरप्पा : तू ताठ बस.